चादरीला बोलावणं

त्या लाँड्रीत 'ऑफिसात या' असं कुणी कुणाला म्हणत नसे. ऑफिस होतं, नाही असं नाही. काचेच्या भिंतीआड एक टेबल, दोन खुर्च्या आणि कपड्यांतून गळून पडलेल्या बटणांची एक भलीमोठी बरणी. पण वहिनींना कुणाशी काही अवघड बोलायचं असलं की त्या मागच्या दोरीवरून एक वाळलेली डबल चादर ओढायच्या, दोन कोपरे स्वतः धरायच्या आणि अगदी साध्या आवाजात विचारायच्या, "जरा चादर धरता का?"

संपलं! ज्याला विचारलं त्याची आज धडगत नाही. बाकीच्यांच्या माना खाली आणि कान वर.

डबल चादरीची घडी एकट्याला धड घालता येत नाही, हे कुणालाही माहीत असतं. पण त्यातून काय काय करता येतं, हे फक्त वहिनींना सुचलं. समोरासमोर उभं राहावंच लागतं. हात गुंतलेले असतात, त्यामुळे हातवारे करून भांडता येत नाही. रागाने निघून जावं म्हटलं तर कोपरे सोडावे लागतात, मग चादर फरशीवर पडते आणि पुन्हा धुवावी लागते. रडू आलं तर तोंड लपवायला आयतं कापड हातात. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे, कितीही तणतणत मागे गेलात तरी घडी पुरी करायला दोघांना पुन्हा पुढे यावंच लागतं, हाताला हात लागेपर्यंत.

वहिनी एकच प्रश्न विचारायच्या आणि मग गप्प. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या घडीवाल्या दोघींपैकी थोरली महिनाभर रोज उशिरा यायची, तेव्हा त्यांनी "सकाळी घरी काय होतं गं?" एवढंच विचारलं होतं. चौथ्या चादरीला तिच्या तोंडून सासऱ्यांचं आजारपण बाहेर आलं आणि पाचवीला तिची कामाची वेळ तासभर पुढे गेली. पण वहिनी म्हणजे नुसत्या मऊ नव्हत्या हं. लाँड्रीची गाडी ठोकून आलेल्या आणि 'ठोकली नाही' म्हणून शपथा घेणाऱ्या ड्रायव्हरला त्यांनी नऊ चादरी धरायला लावल्या. नऊ म्हणजे लाँड्रीचा विक्रम! नवव्या चादरीला त्यांनी त्याला कामावरून काढलं. आणि तो माणूस अजूनही स्वतःचे कपडे धुवायला तिथेच आणतो. नोकरीवरून काढलेला माणूस! वर विचारतो, "वहिनी बऱ्या आहेत ना?" आता बोला.

अशा वहिनींचा आवाज गेला आणि सगळं भाऊंच्या गळ्यात आलं.

भाऊ म्हणजे वहिनींचा नवरा. लाँड्रीतली धुलाईची तिन्ही मशिनं, वाफेच्या इस्त्र्या, पाण्याचा पंप, सगळं त्यांच्या हाताखाली. मशीनच्या पाठीवर हात ठेवून ते सांगू शकत की उजवीकडचा नट सैल आहे. पण समोर माणूस आला की भाऊंचं लोणी व्हायचं. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघालाच नव्हता. म्हणून तर लाँड्रीत भिंतीवर चार घड्याळं होती! घड्याळं विकणारा माणूस चार वेळा आला होता. चारही घड्याळं इतकी टाकाऊ की भाऊंच्या हातालाही दाद देत नव्हती, आणि त्यांचं आपापसात अजिबात पटत नसे.

तर वहिनींच्या घशाचं लहानसं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "दहा दिवस एक अक्षर नाही. कुजबुज तर त्याहून नाही. मधेच बोललात तर पुन्हा ऑपरेशन, आणि मग आवाज परत येईल याची मी हमी देणार नाही."

वहिनींनी गळ्यात दोरीने एक पाटी अडकवली, कमरेला खडू, आणि दुसऱ्याच दिवशी लाँड्रीत हजर. काउंटरवरच्या घंटीचीही एक भाषा ठरली: एक टोला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तीन दिवस मजेत गेले. भाऊंना तर उगाचच आपण बायकोची केवढी काळजी घेतो असं वाटू लागलं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, डाग पडला.

डाग तसा तिसरा होता. एका हॉटेलाच्या वेटर लोकांचे पांढरे कोट आले होते, त्यातल्या एकाच्या छातीवर इस्त्रीच्या टोकाएवढा पिवळट चट्टा. त्या आधी एक टेबलक्लॉथ, त्याही आधी एक ओढणी. कोट हातात धरून मास्तर इस्त्रीच्या टेबलामागून बाहेर आले. मास्तर म्हणजे इस्त्रीचे मास्तर, एकोणीस वर्षं त्याच टेबलाशी. निऱ्यांचा परकर द्या की झालरीचा फ्रॉक, मास्तरांच्या हाताखालून निघाला की कपडा नवरीमुलीसारखा नटून यायचा. तोंड मात्र इस्त्रीहून गरम.

मास्तर हॉलच्या मधोमध उभे राहिले. कोट उंच केला, सगळ्यांना दिसेल असा.

"ए फेस! इकडे ये. हे बघ. साबण नीट विसळून काढत नाहीस, कपड्यात राहतो, आणि माझ्या इस्त्रीखाली पिवळा पडतो. हात काय नुसते हलवायला दिलेत का देवाने?"

'फेस' म्हणजे धुलाईच्या मावशी. त्यांना सगळे मावशी म्हणत, फक्त मास्तर 'ए फेस' म्हणत. मावशींनी कोट बघितला. मास्तरांकडे बघितलं. हात पुसले, काउंटरवर जाऊन कागद मागितला, पेन मागितलं आणि उभ्या उभ्या पत्र लिहिलं. अक्षर इतकं टपोरं की काउंटरवरच्या बाईला उलटं ठेवूनही वाचता आलं. या काउंटरवरच्या बाईचं नाव सगळ्यांनी भोंगा ठेवलं होतं. का, ते वेगळं सांगायला नको.

पत्रात होतं: 'सगळ्यांसमोर माझ्या कामाला नाव ठेवलं. सगळ्यांसमोर परत घेतलं तर राहीन. नाहीतर शनिवारी दुपारी बारा वाजता जाईन. बारा वर्षांत माझ्या हातून साबण राहिलेला नाही.'

वहिनींनी पत्र वाचलं. मग पाटीवर खडू करकरला. त्यांनी पाटी भाऊंच्या नाकासमोर धरली.

'अहो, हे तुम्ही करायचं.'

"मी?" भाऊंचा आवाज पंपात हवा अडकल्यासारखा निघाला. "अगं, सहा दिवस थांबू. तुझा घसा बरा होईल, मग तू..."

वहिनींनी पाटी पुसली आणि लिहिलं: 'शनिवारी बारापर्यंत तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलणार.' आणि 'मी' खाली दोन रेघा.

त्या बोलतीलच, हे भाऊंना पक्कं माहीत होतं. बाईने एकदा लिहिलं म्हणजे लिहिलं. मावशी जायच्या तर जातील, मास्तर रुसायचे तर रुसतील, पण त्या दोन रेघांखाली वहिनींचा आवाज होता. अठरा वर्षं सकाळी उठल्यापासून भाऊंच्या कानात असलेला आवाज. तो कायमचा गेला तर?

आणि मग भाऊंनी काय केलं? जे फक्त भाऊच करू शकतात ते केलं!

ते मावशींकडे गेले. ड्रमच्या घरघरीत ओणवून म्हणाले, "मावशी, तुमचंच बरोबर आहे. मनाला लावून घेऊ नका. मी मास्तरांना चांगलं सांगतो." मावशींचा चेहरा जरा सैलावला. तिथून भाऊ थेट मास्तरांकडे. मास्तर इस्त्री आपटत होते. त्यांचे लाल डोळे बघून भाऊंची जीभ आपोआप वळली. "मास्तर, तुमच्यासारखा कारागीर या शहरात नाही. तुमचंच बरोबर आहे. मी मावशींना जरा सांगतो." मास्तरही खूश. भाऊ शिट्टी वाजवत मशीनकडे गेले. झालं की काम! दोघं खूश! वहिनी उगाच चादरी झिजवतात!

शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला (दुसऱ्या घड्याळात पावणेदहा) मावशी मास्तरांना म्हणाल्या, "भाऊ बोलले ना तुम्हाला? मग मागा माफी."

"मला? अगं, भाऊ तुलाच बोलणार होते!"

"मला म्हणाले, तुमचंच बरोबर."

"मलाही तेच म्हणाले!"

"दोघांनाही तेच?" भोंगा काउंटरवरून ओरडली, रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाईल अशी. "अगंबाई, भाऊ म्हणजे लग्नातले करवलेच निघाले! इकडूनही गोड, तिकडूनही गोड!"

घडीवाल्या दोघी फिस्कन हसल्या. मास्तरांना वाटलं आपल्यालाच हसल्या. मावशींना वाटलं आपल्याला. मग जे काही सुरू झालं ते विचारू नका. इस्त्री आदळली, बादली लाथाडली गेली, 'एकोणीस वर्षं' आणि 'बारा वर्षं' एकमेकांवर चेंडूसारखी फेकली गेली. काउंटरशी कपडे घ्यायला आलेले एक आजोबा आपली पावती तशीच ठेवून हळूच मागच्या मागे निघून गेले.

आणि वहिनी काचेच्या दारातून बाहेर आल्या. पाटीवर लिहायला वेळच नव्हता. त्यांनी श्वास घेतला, मान ताठ केली आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. "अ..."

भाऊंनी हॉल तीन ढांगांत पार केला आणि वहिनींच्या तोंडावर हात ठेवला.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी तरळलं, दुखलं म्हणून. हळूहळू त्यांनी भाऊंचा हात बाजूला केला आणि पाटीवर एकच शब्द लिहिला.

'उद्या.'

त्या दिवशी भाऊ दोन नंबरच्या मशीनमागे स्टुलावर बसून राहिले. माणसं खूश करणं आणि माणसांशी बोलणं यात केवढा फरक आहे, हे त्यांच्या आता लक्षात येत होतं. मशीन बिघडलं की ते कधी 'तुझंच बरोबर आहे रे बाबा' म्हणून पाठ थोपटत नसत. झाकण उघडून बघत. मग या बिघाडाचं झाकण कुणी उघडलं होतं? कुणीच नाही! डाग कशाने पडला, हे आतापर्यंत कुणी बघितलंच नव्हतं.

भाऊ उठले. मावशींनी नुकतीच धुऊन पिळलेली कोटांची चळत होती, त्यातला एक कोट त्यांनी स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवला आणि खळबळ खळबळ खळबळला. फेसाचा एक बुडबुडा नाही. दुसरा बुडवला, तिसरा बुडवला. पाणी आरशासारखं. मग एक कोट वाळवून स्वतः इस्त्री केली. इस्त्री अशी वाईट झाली की कोट बिचारा झोपेतून उठल्यासारखा दिसत होता, पण डाग? नाव नाही.

म्हणजे साबण नव्हताच.

एवढ्यात दोन नंबरच्या मोटरचा पट्टा घासायला लागला. रबर जळल्याचा घाण, झोंबणारा वास पसरला. दहा पावलांवर असलेल्या घडीवाल्या दोघींनी नाकाला पदर लावला, काउंटरवरून भोंगा ओरडली, "अहो, काहीतरी जळतंय!" भाऊ धावले, बटण बंद केलं. आणि वर बघतात तर काय, मोटरच्या अगदी शेजारी, हाताच्या अंतरावर, मास्तर शांतपणे एका शर्टाच्या बाहीला इस्त्री करत होते.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं, भाऊंची धावपळ बघून.

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. हा तो माणूस, जो दारातून आत येता येता म्हणायचा, "तीन नंबरवर लोकर आहे, गरम कमी करा." मास्तरांच्या नाकाच्या गोष्टी गिऱ्हाईकं एकमेकांना सांगत. कापड जळायच्या आधी एक वास येतो, भाजत आलेल्या पावासारखा, अगदी निसटता. तो आला की मास्तरांची इस्त्री आपोआप उचलली जायची. त्यांनी इस्त्रीवरच्या, गरमपणा दाखवणाऱ्या काट्याकडे कधी बघितलंच नव्हतं. नाक होतं ना!

आणि आता जळत्या रबराशेजारी उभे होते आणि विचारत होते, काय झालं.

"काही नाही," भाऊ म्हणाले. "पट्टा गेला."

मनात मात्र सगळे नट एकदम जागेवर बसले. दोन महिन्यांपूर्वी मास्तर तापाने आठवडाभर घरी होते. पहिला डाग त्यानंतरचा.

शनिवार उजाडला. लाँड्रीत अशी शांतता होती जशी परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर वाटायच्या आधी असते. मावशींनी आपला डबा, आपले रबरी बूट आणि खिडकीतलं आपलं चकचकीत घासलेलं पाण्याचं भांडं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं. वहिनी काचेआड बसल्या होत्या. पाटी पालथी. हाताची घडी.

एका घड्याळात सव्वाअकरा वाजले, तेव्हा भाऊंनी दोरीवरून एक डबल चादर ओढली. तिचे दोन कोपरे हातात घेतले.

"मास्तर," ते म्हणाले, "जरा चादर धरता का?"

भोंगाच्या हातातली पावत्यांची गड्डी खाली पडली. आजपर्यंत भाऊंनी कुणाला चादरीला बोलावलं नव्हतं. मास्तरांनी इस्त्री उभी केली आणि सावकाश येऊन समोरचे दोन कोपरे धरले. "वहिनींचा घसा बसला आणि तुम्हाला कंठ फुटला वाटतं," ते म्हणाले.

भाऊंनी चादर ताणली. दोन पावलं पुढे, दोन मागे.

"मास्तर, गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"आणि... घरी सगळे?"

"बरे आहेत."

"ऊन फार वाढलंय नाही?"

"भाऊ," मास्तर म्हणाले, "चादर आहे ही. पतंगाची शेपटी नाही. किती लांबवताय?"

पहिली चादर संपली. भाऊंनी काचेकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली नाही, खूण केली नाही. पण त्यांचा हात गळ्याशी गेला, नकळत, जिथे दुखत होतं तिथे.

भाऊंनी दुसरी चादर ओढली. सगळ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला, पण या वेळी तो अडकला नाही.

"मास्तर, ते डाग साबणाचे नाहीत. मी कोट पाण्यात खळबळून बघितले. डाग इस्त्रीचे आहेत." त्यांनी एक श्वास घेतला. "तुम्हाला वास येत नाहीये. कधीपासून?"

आणि मग ते गप्प राहिले. गप्प राहणं किती अवघड असतं! गालात 'जाऊ दे हो', 'सहज विचारलं', 'तुमचंच बरोबर' असे शंभर शब्द धडका मारत होते. भाऊंनी ओठ घट्ट मिटले.

मास्तरांच्या हातातून कोपरे सुटले.

चादर फरशीवर पडली. लाँड्रीच्या इतिहासात पहिल्यांदा! घडीवाल्यांपैकी धाकटीने तोंडावर हात धरला. मास्तर त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मग वाकले, गुडघे बरे नव्हतेच त्यांचे, हळूच वाकले, आणि कोपरे शोधून पुन्हा हातात घेतले.

"त्या तापानंतर," ते म्हणाले. इतकं हळू की भाऊंना दोन पावलं पुढे जावं लागलं. "सगळं गेलं. घरी बायको विचारते, काही करपलं का, मी म्हणतो छे. चहा पितो तर गरम पाणी. वाटलं, आठवड्यात परत येईल. मग वाटलं महिन्यात." चादर त्यांच्या हातात चुरगळत होती. "एकोणीस वर्षं नाकावर काम केलं भाऊ. आता नाकच नाही तर मास्तर कसला? तुम्हाला सांगितलं असतं तर दुसरा माणूस आणला असता तुम्ही."

"म्हणून मावशींवर ढकललंत."

मास्तर चादरीची चुरगळलेली कड सरळ करू लागले.

"दुसरा माणूस आणणार नाही," भाऊ म्हणाले. "घशाचे डॉक्टर नाकाचंही बघतात, सोमवारी मी तुमच्याबरोबर येतो. तोपर्यंत काटा बघून इस्त्री करायची. आणि आधी पांढऱ्या चिंधीवर टेकवून बघायची."

मास्तरांची मान झटक्यात वर आली. "चिंधी? शिकाऊ पोरांसारखी?"

"शिकाऊ पोरांसारखी. पण हे नंतरचं. मावशींच्या कामाला तुम्ही सगळ्यांसमोर डाग पाडलात. तो सगळ्यांसमोरच काढावा लागेल. आज. बाराच्या आत."

"आणि नाही काढला तर?"

इथे जुने भाऊ असते तर म्हणाले असते, बघू, नंतर बोलू, चहा घ्या. भाऊंच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथेच लटकला. हात गुंतलेले, पुसणार कसा?

"तर मावशी राहतील," भाऊ म्हणाले.

एवढंच. त्यात ना धमकी होती ना ओरडा. पण मग जायचं कुणी हे मास्तरांना कळलं, मास्तरांना ते कळलं हे भाऊंना कळलं, आणि काचेआड वहिनींनी हाताची घडी सोडली.

चादर पुन्हा धुवावीच लागणार होती, तरी ती घडी दोघांनी पुरी केली. शेवटी हाताला हात लागला. मास्तरांनी चादरीकडे तिरप्या नजरेने बघितलं. "कोपरे जुळले नाहीत," ते म्हणाले. "पुन्हा घाला." पुन्हा घातली. मग पुन्हा. भाऊंना वाटलं हा माणूस वेळ काढतोय. पहिल्या घड्याळात बारा वाजले! मावशींनी पिशवी उचलली. काचेआड वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"थांबा, थांबा!" भाऊ ओरडले. "ते घड्याळ पुढे आहे!"

दुसऱ्यातही बारा वाजले.

"तेही पुढे आहे!"

मास्तरांनी घडी झालेली चादर भाऊंच्या हातात ठेवली. आपल्या टेबलाशी गेले. खणातून एक पांढरी चिंधी काढली, नवशिक्यांना देतात तसली, आणि इस्त्रीच्या टेबलाला समोरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी बांधली. गाठ मारायला जरा वेळ लागला. मग हॉलच्या मधोमध, गुरुवारी जिथे कोट उंच धरला होता, बरोबर तिथे येऊन उभे राहिले.

"डाग माझ्या इस्त्रीचे होते," ते म्हणाले. "तिन्ही. हिचा साबण एकाही कपड्यात नव्हता. मला दोन महिने वास येत नाही आणि ते लपवायला मी हिचं नाव घेतलं. चूक झाली." मान वळवून त्यांनी काउंटरकडे बघितलं. "भोंगा, ऐकलंस ना? मग आता सांग सगळीकडे. गुरुवारचं सांगितलंस ना, मग आजचंही सांग."

भोंगाने खाली पडलेली पावत्यांची गड्डी उचलली आणि मान डोलावली.

मावशी पिशवी धरून दारातच उभ्या होत्या. तिसऱ्या घड्याळात बारा वाजले तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

"मला ए फेस म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मग काय म्हणू? मावशी? माझ्याहून लहान आहेस तू."

"ताई म्हणा."

मास्तरांचा जबडा हलला. जणू मोठं बी चावत होते. "ताई," ते म्हणाले.

"आणि अहो-जाहो."

"आता हे जरा जास्त होतंय हं... ताई."

तेव्हा मावशी हसल्या. पिशवीतून त्यांनी रबरी बूट काढले आणि घालत घालत म्हणाल्या, "वास येत नाही तर आधी सांगायचं की हो! मी शेजारी आठ तास उभी असते, नाक काय नुसतं नथीला ठेवलंय का मी? करपायला लागलं की हाक मारली असती." आणि बुटांचा पचपच आवाज करत ड्रमकडे गेल्या. मागून भाऊंनी खिशातलं पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं, त्याचा गोळा केला आणि साबणाच्या बादलीत टाकला.

काउंटरवर घंटी वाजली. टिंग. एकच टोला. घंटीवर हात ठेवून वहिनी उभ्या होत्या, तोंड घट्ट मिटलेलं आणि डोळे मात्र बडबड बडबड बोलणारे.

तेव्हा चौथ्या घड्याळात कुठे पावणेबारा वाजत होते.

पुढचे चार दिवस भाऊंची चाल बदलली होती. घड्याळवाला पाचव्यांदा आला आणि भाऊंनी त्याला 'नको' म्हटलं! तो माणूस इतका दचकला की पाणी मागून प्यायला. मास्तर चिंधीवर इस्त्री टेकवून बघत, आणि शेजारच्या ड्रमजवळून मावशी मधूनच ओरडत, "मास्तर, करपतंय हं!" मास्तर ओरडत, "काही करपत नाहीये, ताई!" आणि तरी इस्त्री उचलत.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी घशात दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, बोला आता, हळूहळू. वहिनी तिथे काहीच बोलल्या नाहीत. रस्त्यातही नाही. लाँड्रीत सगळे कामं सोडून दाराशी जमले होते. वहिनी आत आल्या, गळ्यातली पाटी काढून खिळ्याला टांगली, सरळ मागच्या दोरीकडे गेल्या आणि एक डबल चादर ओढली.

आवाज जरा खरखरीत होता, सुती कपड्याला पहिली इस्त्री फिरावी तसा. पण त्यांचाच होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा चादर धरता का?"

आज भाऊंची धडगत नव्हती. बाकीच्यांच्या माना खाली, कान वर. भाऊंनी जाऊन कोपरे धरले.

"दोघांनाही 'तुमचंच बरोबर' म्हणालात," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"पुन्हा असं करायचं नाही."

"नाही करणार."

पुढे आले. हाताला हात लागला. घडी झाली. भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला आणि निघणार, तेवढ्यात वहिनींनी दोरीवरून दुसरी चादर ओढली.

"आता ही कशाला? केलं ना कबूल!"

"ही ऐकायला," वहिनी म्हणाल्या. "काचेतून मला नुसते तुमचे ओठ दिसत होते. काय काय बोललात, पहिल्यापासून सांगा. गुडघ्यांपासून."

भाऊंनी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग रंगात येत, मग मास्तरांचा आवाज काढून. 'तर मावशी राहतील' हे वाक्य वहिनींनी तीनदा म्हणायला लावलं, आणि तिन्ही वेळा चादर ताणून धरत त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या की घडीवाल्या दोघींनी लाजून दुसरीकडे बघितलं. ड्रायव्हरचा नऊ चादरींचा विक्रम त्या दिवशी मोडला. दहावीला दोरी रिकामी झाली, पण भाऊंची गोष्ट अजून चिंधीपर्यंतच आली होती. तेव्हा वहिनींनी कपाटातून घडी घातलेली एक चादर काढली, झटकून उलगडली आणि तिचे दोन कोपरे भाऊंच्या हातात दिले.